सासऱ्यांच्या डब्यातील चार जुनी नाणी: ही रोमन आहेत का, आणि त्यांचे मोल कसे ठरवावे?

पंचगंगाकाठ (कोल्हापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. माझे सासरे गेल्या वर्षी वारले. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर इंजिन विभागात नोकरीला होते. दिवाळीच्या आवराआवरीत त्यांच्या ट्रंकेत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा निघाला आणि त्यात तीन नाणी मिळाली. चौथे नाणे मी स्वतः गेल्या महिन्यात विकत घेतले आहे. नाण्यांच्या बाबतीत मी अगदीच नवखी आहे. घरात मात्र 'रोमन नाणी म्हणजे लाखांची' अशी चर्चा सुरू झाली आहे, त्यामुळे काही चुकीचे पाऊल पडण्याआधी जाणकारांना विचारावे असे वाटले.

पहिली दोन नाणी तांब्याची वाटतात. ती काळपट हिरवी असून आपल्या करंगळीच्या नखाहून थोडी मोठी आहेत. एकावर उजवीकडे पाहणाऱ्या पुरुषाचा चेहरा आहे आणि पाठीमागे दोन शिपाई भाले घेऊन उभे आहेत. त्या दोघांच्या मध्ये काठीसारखे काहीतरी रोवलेले आहे. दुसऱ्यावर शिरस्त्राण घातलेला, डावीकडे पाहणारा चेहरा आहे आणि मागे एक जनावर मान वळवून पोटाखालच्या दोन लहान आकृत्यांकडे बघते आहे. ही दोन्ही नाणी पिवळ्या पडलेल्या एका कागदी पाकिटात होती. पाकिटात अँटवर्पच्या एका दुकानाची हाताने लिहिलेली पावती आहे आणि तिच्यावर १९७९ हे साल स्पष्ट वाचता येते.

तिसरे नाणे वेगळ्याच जातीचे आहे. ते राखाडी, जाड आणि आकाराच्या मानाने फारच जड आहे. एका बाजूला कमानीवर कमानी रचल्यासारखा डोंगर आहे, तर दुसऱ्या बाजूला धनुष्य आणि वर टोक असलेला बाण असून भोवती अक्षरे आहेत. ती मला ग्रीक वाटली. हे नाणे एका चिंधीत बांधलेले होते आणि सोबतच्या चिठ्ठीवर आजेसासऱ्यांच्या अक्षरात 'मळ्यात नांगरट करताना' एवढेच लिहिलेले आहे.

चौथे नाणे चांदीचे म्हणून मी ऑनलाइन विक्रेत्याकडून साडेनऊ हजार रुपयांना घेतले. 'सम्राट टायबेरियसचा दिनार, ब्रह्मपुरीच्या खोदकामात निघालेला' असे त्याने सांगितले होते. टाउन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीची पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती मी शाळेत असल्यापासून पाहत आले आहे, त्यामुळे आपल्याच गावात निघालेले रोमन नाणे आपल्या घरी असावे हा मोह मला आवरला नाही.

माझे प्रश्न तीन आहेत. ही नाणी ओळखायची कशी, त्यांची खरी किंमत कशी काढायची, आणि सासूबाई म्हणतात तशी ती चिंचेने किंवा पितांबरीने घासून स्वच्छ करावीत का?

ताम्रपट यांचे उत्तर

ताई, सर्वांत आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण बाकी सर्व कामे सावकाश केली तरी चालतील, पण हे एक काम हातून घडले तर त्यावर उपाय उरत नाही. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यांपैकी काहीही या नाण्यांना लावू नये. तांब्याच्या नाण्यावरचा काळपट हिरवा थर म्हणजे मळ नव्हे. शेकडो वर्षांत धातूच्या पृष्ठभागावर चढलेली ती कवचासारखी साय असते आणि पुष्कळदा अक्षरांचे उठाव त्या थरातच टिकून राहिलेले असतात. आम्ल लावले की थर निघतो, त्याबरोबर अक्षरेही जातात, आणि मागे लालसर, खडबडीत तांबे उरते. असे नाणे संग्राहक हातातही धरत नाहीत. माती असेलच तर नाणे शुद्ध केलेल्या पाण्यात भिजत ठेवावे, दोन दिवसांनी पाणी बदलावे, आणि बांबूच्या काडीने, जोर न लावता, जेवढी सुटेल तेवढीच माती सोडवावी. मात्र कुठे फिकट हिरवी, पिठासारखी सुटणारी पूड दिसली तर ते नाणे ताबडतोब इतरांपासून वेगळे करावे. तो तांब्याला लागणारा रोग असतो, दमट हवेत तो वाढतो आणि कोल्हापूरचा पावसाळा त्याला फारच मानवतो.

आता ओळखीकडे वळू. दोन शिपायांचे नाणे मी छायाचित्र न पाहताही बऱ्याच खात्रीने सांगू शकतो, कारण हा प्रकार चौथ्या शतकात रोमन साम्राज्याच्या जवळजवळ सगळ्या टांकसाळींतून प्रचंड संख्येने पाडला गेला. शिपायांच्या भोवती 'ग्लोरिया एक्झर्सिटस', म्हणजे 'सैन्याचा गौरव', अशी अक्षरे असतील. शिपायांच्या मध्ये रोवलेली काठी हे पलटणीचे निशाण आहे. निशाणे दोन असतील तर नाणे इ.स. ३३० ते ३३५ या काळातले असते, आणि एकच असेल तर ३३५ नंतरच्या पाच-सहा वर्षांतले. त्याच सुमारास नाण्याचे वजन कमी केल्यामुळे चित्रात एका निशाणाची काटछाट झाली. म्हणून झिजलेल्या नाण्यावर निशाणे नीट मोजता आली नाहीत तरी वजनावरून अंदाज बांधता येतो: दोन निशाणांचे नाणे साधारण अडीच ग्रॅमच्या आसपास असते आणि एका निशाणाचे दीड ग्रॅमच्या थोडेसे वर.

चेहरा कोणाचा, हे चेहऱ्यावरून ठरवायला जाऊ नका. त्या काळापर्यंत रोमन टांकसाळींनी माणसाचे खरे रूप कोरणे जवळजवळ सोडून दिले होते, त्यामुळे बाप आणि मुलगे सारखेच दिसतात. नाव वाचावे लागते. खांद्यापाशी, म्हणजे घड्याळात सात वाजतात त्या जागी, अक्षरांना सुरुवात होते आणि ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने डोक्यावरून पलीकडच्या खांद्यापर्यंत उतरतात. दोन गोष्टी आधी लक्षात ठेवाव्यात. 'यू' हे अक्षर नाण्यांवर नेहमी 'व्ही' असे कोरलेले असते, आणि शब्दांमध्ये जागा सोडलेली असेलच असे नाही. त्या वेळचा सम्राट कॉन्स्टँटाइन थोरला याच्या नाण्यावर नावाच्या शेवटी 'मॅक्स' आणि 'ए-व्ही-जी', म्हणजे ऑगस्टस, ही अक्षरे दिसतात. त्याच्या मुलांच्या नाण्यांवर, ते युवराज होते तोपर्यंत, शेवटी 'एन-ओ-बी-सी' असते. त्याचा अर्थ 'उमदा सीझर', आपल्या भाषेत युवराज. बापाचेच नाव असलेल्या मुलाच्या नाण्यावर मध्ये 'आय-व्ही-एन' येते, म्हणजे ज्युनियर. एवढी तीन-चार अक्षरे जरी लागली तरी माणूस सापडतो.

यापुढे शिपायांच्या पायाखालची आडवी रेघ पाहा. त्या रेघेखालची इवलीशी अक्षरे टांकसाळीची असतात. 'टी-आर' दिसले तर आजच्या जर्मनीतील ट्रिअर, 'एस-एम-ए-एन' दिसले तर अँटिओक, 'एस-एम-के' दिसले तर सिझिकस, आणि 'सी-ओ-एन-एस' दिसले तर कॉन्स्टँटिनोपल. त्यापुढचे एखादे अक्षर टांकसाळीतील कारखान्याचा क्रमांक सांगते. आजच्या भाषेत सांगायचे तर मालात खोट निघाली की कोणत्या खात्याला जाब विचारायचा, याची ती सोय होती.

दुसरे नाणे म्हणजे लांडगीने पाजलेल्या रोम्युलस आणि रीमस या रोमच्या दंतकथेतील जुळ्या भावांचे. त्यावर कोणत्याच सम्राटाचा चेहरा नाही. शिरस्त्राणातली ती आकृती खुद्द रोम नगरीची आहे आणि भोवती 'अर्ब्स रोमा' असे असेल. कॉन्स्टँटाइनने ११ मे ३३० रोजी नव्या राजधानीचे, कॉन्स्टँटिनोपलचे, समारंभपूर्वक लोकार्पण केले, आणि त्या सुमारास दोन्ही नगरींच्या नावे अशी नाणी पाडली गेली. लांडगीच्या पाठीच्या वर दोन तारे दिसतात का, ते जरूर पाहा.

पाहण्याची पद्धतही सांगतो, कारण बहुतेक नवखे लोक ट्यूबलाइटखाली किंवा मोबाइलचा फ्लॅश टाकून नाणे पाहतात आणि काहीच दिसत नाही म्हणून निराश होतात. खोलीतले दिवे मालवावेत, नाणे टेबलावर ठेवावे आणि एकच दिवा अगदी टेबलाच्या पातळीवरून, आडवा, नाण्यावर पडू द्यावा. मग नाणे बोटभर फिरवत जावे. ज्या जागी सपाट वाटत होते तिथे उठावाची सावली पडते आणि अक्षर दिसू लागते. मिळालेली अक्षरे अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीने चालवलेल्या, ओसीआरई या नावाच्या विनामूल्य सूचीत घालून पाहावीत. तिथे सम्राट, टांकसाळ आणि चित्र यांवरून गाळत गाळत नेमक्या क्रमांकापर्यंत पोहोचता येते.

कसोटीचा दगड यांचे उत्तर

आमचा गुजरीत पिढ्यान्‌पिढ्यांचा सराफीचा धंदा आहे. रोमन इतिहास मला ठाऊक नाही, पण चांदीबद्दल दोन गोष्टी खात्रीने सांगू शकतो. ताईंनी चौथे नाणे कोणाकडेही कसोटीवर घासू देऊ नये किंवा कानशीने कड तपासू देऊ नये. आमच्याकडे जुने नाणे आले की पहिला हात कानशीकडे जातो, हे मी कबूल करतो. मोडीच्या चांदीला ते ठीक आहे, संग्रहाच्या नाण्याला नाही.

त्याऐवजी पाण्याची परीक्षा करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा कोणत्याही सराफाकडे मिळेल. आधी नाण्याचे कोरडे वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक नायलॉनचा दोरा बांधा, ते एकदा ओले करून त्यावरचे बुडबुडे पुसा, आणि पेल्याच्या तळाला किंवा कडेला न टेकवता पाण्यात अधांतरी धरा. काट्यावर जो आकडा येईल तेवढे पाणी नाण्याने बाजूला सारले. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागले की धातूची घनता मिळते. शुद्ध चांदी १०.५ येते, तांबे ८.९, शिसे ११.३ आणि सोने १९.३. पितळ साधारण साडेआठच्या आसपास राहते. नाणे लहान असल्यामुळे ०.०१ ग्रॅमच्या चुकीनेही उत्तर ०.३ ने इकडेतिकडे होते, म्हणून एकाच मापावर न थांबता पाच-सहा वेळा मापून सरासरी काढा.

वजनाचा एक ठोकताळाही उपयोगी पडेल. २०११ च्या मालिकेतले एक रुपयाचे नाणे ३.७९ ग्रॅमचे असते. माझ्या ग्राहकांपैकी एक जुने संग्राहक आहेत, ते सांगतात की टायबेरियसच्या काळचा चांगला दिनारही जवळपास तेवढाच भरतो, फक्त व्यासाने तो रुपयापेक्षा लहान, १८-१९ मिलिमीटरचा, आणि त्यामुळे जाड असतो. तुमचे नाणे रुपयापेक्षा बरेच हलके भरले तर मनात शंका धरावी.

शिलालेख यांचे उत्तर

इथे सगळे रोमन नाण्यांबद्दल लिहीत आहेत आणि ते योग्यच आहे. पण ताईंच्या तिसऱ्या नाण्याचे वर्णन वाचून मी जागेवरून उठलो. ती अक्षरे ग्रीक नाहीत, ब्राह्मी आहेत, आणि नाणे रोमचे नसून आपल्या कोल्हापूरचे आहे.

कमानींचा डोंगर एका बाजूला, धनुष्यबाण दुसऱ्या बाजूला आणि धातू शिसे, हे वर्णन कोल्हापूर परिसरात सापडणाऱ्या 'कुर' नावाच्या राजांच्या नाण्यांशी तंतोतंत जुळते. सातवाहनांच्या काळात, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास, या भागावर त्यांची सत्ता होती. त्यांच्याविषयीची आपली माहिती प्रामुख्याने नाण्यांतूनच मिळालेली आहे. तीन नावे ज्ञात आहेत: वासिठिपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर आणि गोतमिपुत विळिवायकुर. आईच्या गोत्रावरून नाव लावण्याची ही पद्धत सातवाहनांच्या नाशिकच्या लेखांतही दिसते. यांतील विळिवायकुराला रोमन जगही ओळखत होते, असे अनेक अभ्यासक मानतात, कारण दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून भूगोल लिहिणाऱ्या टॉलेमीने 'हिप्पोकूरा' या राजधानीच्या राजाचे नाव 'बालेओकूरोस' असे दिले आहे. कान देऊन ऐकले तर ते विळिवायकुरच आहे. रोमचा मागोवा घेत ताई निघाल्या आणि रोमन साम्राज्यातल्या भूगोलकाराने नोंदवलेला राजा त्यांच्या आजेसासऱ्यांच्या मळ्यात निघाला, याचा मला फार आनंद वाटतो.

अक्षरे वाचायला अवघड नाहीत. धनुष्याभोवती लेखाची सुरुवात 'रञो', म्हणजे राजाचे, या शब्दाने होते. तुमच्याकडचे नाणे तिघांपैकी कोणाचे, हे त्यानंतरच्या पहिल्या अक्षरावरून समजते. खाली वाटोळे किंवा त्रिकोणी पोट आणि वर एकच दांडी असेल तर ते 'वा', तसेच पोट पण वर दोन शिंगे असतील तर 'मा', आणि नुसती कमान असेल तर 'गो'. शेवटाकडे 'कुर' मधला 'क' शोधावा. तो अधिकच्या चिन्हासारखा, फुलीसारखा दिसतो.

आता कायद्याचे बोलणे आवश्यक आहे. चिठ्ठीवर 'नांगरट करताना' असे आहे, म्हणजे वस्तू जमिनीतून निघालेली आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. आजेसासऱ्यांनी तसे कळवले होते का, हे आज सांगता येणार नाही, पण तुम्ही आता छायाचित्र, वजन आणि चिठ्ठीची प्रत जोडून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्यावा, असे मी आग्रहाने सुचवतो. हे नाणे विकण्याचा विचार मनात आणू नका. घरात कोणाला तो मळा नेमका कोणता, विहिरीपासून कोणत्या बाजूला, हे आठवत असेल तर सासूबाईंना विचारून आजच लिहून ठेवा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजने उत्खनन केले तेव्हा सातवाहनकालीन वस्तीचे थर उजेडात आले, ते कोणत्या थरात काय सापडले याची नोंद ठेवल्यामुळेच. मळ्यात निघालेल्या नाण्याला थर नसतो, पण निदान गाव आणि शिवार तरी असते.

जुनी पेठ यांचे उत्तर

किमतीचा प्रश्न अजून कोणी घेतला नाही, म्हणून लिहितो. गेली बावीस वर्षे मी परदेशी नाणी जमवतो आणि सुरुवातीला मीही 'दोन हजार वर्षे जुने म्हणजे मौल्यवान' याच समजुतीत होतो. वयाचा आणि किमतीचा संबंध फार थोडा आहे. चौथ्या शतकातील तांब्याची नाणी इतकी पाडली गेली आणि युरोपच्या जमिनीत इतकी पुरली गेली की आजही ती हंडे भरभरून निघतात. ताईंची दोन तांब्याची नाणी मध्यम स्थितीत असली तर बाहेरच्या बाजारात प्रत्येकी हजार-दोन हजार रुपयांच्या आतबाहेरच राहतील. लाखांची चर्चा घरात आजच थांबवावी. त्याउलट टायबेरियसचा अस्सल, नीटस दिनार पंचवीस-तीस हजारांच्या पुढे जातो. बायबलमधील 'सीझरचे सीझरला द्या' या प्रसंगातले नाणे तेच असावे अशी समजूत असल्यामुळे त्याला नाणेसंग्राहकांखेरीज इतरही गिऱ्हाईक असते. म्हणूनच त्याच्या नकला सर्वांत जास्त होतात, आणि म्हणूनच साडेनऊ हजार हा आकडा मला खटकला. अस्सलसाठी तो फार कमी आहे आणि नकलेसाठी फार जास्त.

किंमत काढताना विक्रेत्यांनी मागितलेले भाव पाहू नयेत. संकेतस्थळावर कोणीही कितीही आकडा टाकू शकतो. पूर्ण झालेल्या लिलावांत त्याच क्रमांकाचे, त्याच टांकसाळीचे आणि तुमच्यासारख्याच स्थितीचे नाणे प्रत्यक्षात कितीला गेले, ते पाहावे. 'त्याच स्थितीचे' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण 'फाइन' आणि 'एक्स्ट्रीमली फाइन' या दोन प्रतींमध्ये एकाच नाण्याचा भाव पाच-दहा पटींनी बदलतो. चित्र मध्यभागी बसले आहे का, नाव पूर्ण आले आहे का, पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खडबडीत, कुठे भोक पाडले आहे का, हे सगळे त्यात येते. आपल्याकडे तर भोकाचा मुद्दा विशेष आहे. भारतात आलेली रोमन सोन्याची नाणी पुष्कळदा भोक पाडून किंवा कडी लावून गळ्यात घातली गेली. पुढे व्हेनिसच्या डुकॅटची आपण पुतळी केली आणि पुतळ्यांची माळ ओवली, तसेच ते. बाजार अशा नाण्याला कमी मोल देतो, पण भारतातल्या वापराचा अभ्यास करणाऱ्याला तेच भोक हवे असते.

आता त्या 'ब्रह्मपुरीच्या' दिनाराविषयी. रोमन चांदी दक्षिण भारतात पुष्कळ सापडते, यात शंका नाही. ऑगस्टस आणि टायबेरियस यांचे दिनार आंध्र, तमिळनाडू आणि केरळमधील साठ्यांत शेकड्यांनी मिळालेले आहेत. हिंदुस्थानाकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (एक रोमन नाणे) वाहून जातात, अशी रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात तक्रार नोंदवली होती. म्हणजे गोष्ट ऐकायला पटण्यासारखी आहे आणि विक्रेत्याने नेमका त्याचाच उपयोग केला. पण थोडा विचार करा. नाणे खरोखर उत्खननातून निघालेले असेल तर ते सरकारी संग्रहातले आहे आणि त्याला ते विकण्याचा अधिकारच नाही. निघालेले नसेल तर तो खोटे बोलला. दोन्ही बाजूंनी व्यवहार चुकीचाच ठरतो. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. त्याच्याकडे परवाना क्रमांक मागा आणि बिल मागा. अशी वस्तू देशाबाहेर पाठवणे खासगी व्यक्तीला कायद्याने बंद आहे, हेही कोणी परदेशातून जास्त भाव देऊ लागला तर ध्यानात असू द्या.

मालकीच्या कागदाचे महत्त्व किती असते, ते सांगतो. ज्यूलियस सीझरच्या हत्येची खूण म्हणून ब्रूटसने पाडलेले, दोन खंजिरांचे चित्र असलेले सोन्याचे एक नाणे २०२० मध्ये लंडनच्या लिलावात बत्तीस लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. पुढे त्याचे पूर्वीच्या मालकीचे कागद बनावट निघाले आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करावे लागले. नाणे अस्सल मानले गेले होते, खोटे होते ते कागद. म्हणून ताई, अँटवर्पची ती पावती नाण्यांइतकीच जपून ठेवा. तिची प्रत काढा आणि नाण्यांपासून ती वेगळी करू नका. हजार रुपयांच्या नाण्याला १९७९ ची दुकानाची पावती असणे ही सर्रास मिळणारी गोष्ट नाही. सासरे नीटनेटके गृहस्थ असले पाहिजेत.

पंचगंगाकाठ यांचे प्रत्युत्तर (आठ दिवसांनी)

सर्वांनी इतके मनापासून लिहिले याबद्दल मी ऋणी आहे. सांगितल्याप्रमाणे एकेक करून पाहिले, त्याचा अहवाल देते.

दोन शिपायांचे नाणे २.३८ ग्रॅम भरले. टॉर्च आडवा धरल्यावर निशाणे दोन आहेत हे स्पष्ट दिसले, आणि चेहऱ्यापुढे 'एन-ओ-बी-सी' ही अक्षरे वाचता आली. त्याच्या अलीकडे 'आय-व्ही-एन' आहे. म्हणजे हा धाकटा कॉन्स्टँटाइन. शिपायांच्या पायाखाली 'एस-एम-ए-एन' आणि त्यापुढे एक पुसट अक्षर आहे. अँटिओकमध्ये घडलेले नाणे अँटवर्पमार्गे कोल्हापुरात आले, हे वाचता आल्यावर आम्ही घरातले सगळे त्या टेबलाभोवती कितीतरी वेळ उभे होतो. लांडगीच्या पाठीवर दोन्ही तारे आहेत.

चांदीच्या नाण्याची बातमी वाईट आहे. कोरडे वजन २.९४ ग्रॅम भरले. पाण्यात सहा वेळा मापले, आकडा ०.३३ ते ०.३५ च्या दरम्यान येत राहिला. सरासरी ०.३४ धरली तर घनता ८.६ च्या आसपास येते. मग भिंगाने कड पाहिली. कडेच्या बरोबर मधून केसाएवढी एक रेघ सगळीकडे फिरलेली आहे आणि बसलेल्या स्त्रीच्या खुर्चीपाशी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे आहेत. विक्रेत्याकडे परवाना क्रमांक मागितला तेव्हापासून त्याने उत्तर देणे बंद केले आहे.

शिशाचे नाणे १४.२ ग्रॅमचे आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्यायचा मसुदा यजमानांनी तयार केला आहे आणि सोमवारी ते तो देणार आहेत. सासूबाईंना मळा आठवतो. विहिरीच्या उगवतीला उसाचा जो तुकडा होता तिथे नांगर अडकला होता, एवढे त्यांनी सासऱ्यांकडून ऐकलेले आहे. ते मी त्यांच्याच शब्दांत तारीख घालून लिहून ठेवले. 'रञो' नंतरचे अक्षर मला खाली त्रिकोणी आणि वर दोन शिंगांसारखे दिसते, पण त्याच जागी दुसऱ्याच कसल्यातरी रेघा आडव्या गेल्यासारख्या वाटतात, त्यामुळे खात्री होत नाही.

ताम्रपट यांचे उत्तर

त्या दिनाराविषयी एक शंका येण्याआधीच दूर करतो. प्राचीन काळीही तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवून खोटी नाणी पाडत असत, आणि त्यांचीही घनता कमीच येते. अशी जुनी खोटी नाणी संग्राहक आवडीने घेतात, म्हणून नुसत्या घनतेवरून निकाल देऊ नये. पण ती नाणीसुद्धा ठशाने ठोकलेली असत. कडेभर फिरलेली रेघ म्हणजे साच्याच्या दोन अर्ध्यांचा सांधा, आणि ते खड्डे म्हणजे ओतताना अडकलेल्या हवेचे बुडबुडे. हे ओतीव काम अलीकडचे आहे. पैसे चुकते केल्याची नोंद आणि विक्रेत्याचे संदेश जपून ठेवून सायबर पोलिसांकडे तक्रार द्यावी. परत विकण्याच्या फंदात मात्र पडू नये, नाहीतर हेच नाणे दुसऱ्या कोणा नवख्याच्या हाती जाईल.

शिलालेख यांचे उत्तर

दोन शिंगे असतील तर ते 'मा' आहे, आणि तुमचे नाणे माढरिपुत सिवलकुराचे आहे. त्या आडव्या रेघांनी गोंधळून जाऊ नका, उलट त्या फार जपून पाहा. सिवलकुराने वासिठिपुत विळिवायकुराची चलनातली नाणी घेऊन त्यांवरच आपला ठसा मारला, आणि पुढे गोतमिपुत विळिवायकुराने सिवलकुराच्या नाण्यांवर आपला मारला. तिघांचा क्रम अभ्यासकांनी लावला तो अशाच ठशांखालून डोकावणाऱ्या जुन्या रेघांवरून. अर्जासोबत छायाचित्र जोडणार असाल तर ते सकाळच्या तिरप्या उन्हात, नाणे चारही बाजूंनी फिरवून, चार वेळा काढा. धनुष्याच्या दोरीच्या आतल्या बाजूला नव्या अक्षरांशी न जुळणारी एखादी दांडी किंवा गोलाई दिसते का, ते पाहून इथे कळवा. वर एकच दांडी असलेले वाटोळे अक्षर तिथे दिसले, तर ते खालच्या नाण्यावरचे 'वा' असेल.